कॅल्क्युलेटरमधला ‘एम’ आणि वहीतला हातचा



पोराचं गणित चुकलं की आपण वहीवर लाल शाईनं काय लिहितो? ‘निष्काळजीपणा.’ नाहीतर ‘लक्ष दे’. मीसुद्धा कित्येक वर्षं हेच लिहीत आले. आज मात्र माझं मत असं झालं आहे की हा शेरा आपण सोडून द्यावा. कारण बऱ्याच वेळा तो खोटा असतो. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही. खताच्या दुकानातल्या एका कॅल्क्युलेटरमुळे कळलं. म्हणून आधी तो किस्सा सांगते.

माझं माहेर अकोला जिल्ह्यातलं, नोकरी अमरावती जिल्ह्यात. उन्हाळ्याच्या सुटीत माहेरी गेले होते. पेरणी तोंडावर आली होती, म्हणून बाबांसोबत कृषी केंद्रात गेले. डीएपीच्या चार थैल्या, दर १३५० रुपये. युरियाच्या तीन, दर २६६ रुपये ५० पैसे. दुकानदारानं पटापट बटणं दाबली आणि कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला. ७०४९.५०.

बाबा चौथी शिकलेले. त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं आणि म्हणाले, “थांब ना भाऊ. साडेतेराशे चोक चोपन्नशे. तीन थैल्या युरिया म्हंजे आठशाले आठ आने कमी. बासष्टशेच्या वर जातेच कसं?”

“मशीन खोटं बोलते काय काका?” दुकानदार हसला. पण पुन्हा हिशोब केला आणि स्वतःच कपाळावर हात मारला. “अरे बाप्पा! मागच्या गिऱ्हाइकाचे साडेआठशे राह्यले यात.”

माणूस प्रामाणिक होता. चूक मुद्दाम केलेली नव्हती. मग झालं काय?

मशीनच्या पोटातली एकच कोठी

दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर ‘एम प्लस’, ‘एम मायनस’ आणि ‘एमआरसी’ अशी बटणं असतात. १३५० गुणिले ४ करून ‘एम प्लस’ दाबलं की ५४०० रुपये मेमरीत जातात. २६६.५० गुणिले ३ करून पुन्हा ‘एम प्लस’ दाबलं की ७९९.५० त्यात मिळवले जातात. शेवटी ‘एमआरसी’ दाबलं की एकूण बेरीज दिसते. ती यायला हवी होती ६१९९.५०. पण मेमरीत आधीच्या माणसाचे ८५० रुपये पडून होते. त्यांच्यावरच आमचा हिशोब चढला.

दुकानदारानं नवीन हिशोब सुरू करताना पडदा साफ केला होता. पण बहुतेक कॅल्क्युलेटरवर पडदा साफ केल्यानं मेमरी साफ होत नाही. ‘एमआरसी’ एकदा दाबलं तर आतला आकडा दिसतो, लागोपाठ दोनदा दाबलं तर तो पुसला जातो. आत काही शिल्लक असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात बारीकसा ‘एम’ दिसत राहतो. तो ‘एम’ म्हणजे मशीननं दिलेली सूचनाच असते. गर्दीच्या वेळी ती पाहतो कोण?

लक्षात घ्या, मशीननं बेरीज बरोबर केली होती आणि दुकानदारानं बटणंही बरोबर दाबली होती. अडचण एवढीच की कोठी एक आणि हिशोब दोन.

इंजिनिअरिंगच्या पोरालाही सुटलं नाही

हा किस्सा मी माझ्या भाच्याला सांगितला. तो अमरावतीला इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणाला, “मावशी, आमच्याइथं तर रोजचंच आहे हे.”

त्यांच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरमध्ये एक नाही, बऱ्याच कोठ्या असतात. त्यांना ए, बी, सी, एक्स, वाय अशी अक्षरांची नावं असतात. भाच्यानं २३० व्होल्ट हा आकडा ‘एक्स’मध्ये ठेवला. मग ३ आणि ४ हे आकडे घेऊन ‘पोल’ नावाच्या बटणानं एक रूपांतर केलं. उत्तर ५ आलं, अगदी बरोबर. आता २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर यायला हवेत. त्यानं ‘एक्स’ भागिले ५ केलं, तर आलं १.

कारण काय? काही कॅल्क्युलेटरमध्ये हे रूपांतर केलं की त्याचं उत्तर मशीन आपोआप ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्येच ठेवतं. तिथले २३० गेले आणि ५ येऊन बसले. माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं. पण परीक्षेच्या आदल्या रात्री ते पत्रक वाचतंय कोण? पोरगं मात्र रात्रभर समजत राहिलं की आपल्याला विषयच कळला नाही.

ज्या कॅल्क्युलेटरवर प्रोग्रॅम लिहितात

याच्याही पुढची पायरी म्हणजे आलेख काढणारा, प्रोग्रॅम लिहिता येणारा कॅल्क्युलेटर. आपल्याकडे तो फारसा दिसत नाही. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत साधा कॅल्क्युलेटरही चालत नाही, मग हा कुठून चालणार? अमेरिकेत मात्र हायस्कूलच्या मुलांच्या दप्तरात तो सर्रास असतो. १९८५ साली कॅसिओ कंपनीनं ‘एफएक्स-७०००जी’ हे मॉडेल आणलं, आलेख काढणारा तो पहिला कॅल्क्युलेटर. प्रोग्रॅम ठेवायला त्यात जागा होती ४२२ बाइट. म्हणजे इंग्रजीतली ४२२ अक्षरं मावतील एवढी. पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ‘टीआय-८३’ १९९६ मध्ये आला आणि घरोघर पोचला.

या ‘टीआय-८३’मध्ये आकडे ठेवायला ए ते झेड अशी २६ अक्षरं आणि वर ‘थीटा’, अशा २७ कोठ्या आहेत. आणि त्या सगळ्या प्रोग्रॅमना सामाईक. कोणत्याही प्रोग्रॅमची अशी खाजगी कोठी नाही. आता होतं काय ते एका उदाहरणानं पाहू.

एका मुलानं सरळव्याजाचा प्रोग्रॅम लिहिला. मुद्दल १०,०००, दर ८, आणि मुदत ५ वर्षं. मुदत त्यानं ‘एन’मध्ये ठेवली. याच प्रोग्रॅमनं मधेच दुसऱ्या एका प्रोग्रॅमला हाक मारली, जो बारा महिन्यांची यादी दाखवतो. त्या दुसऱ्या प्रोग्रॅमनंही महिने मोजायला ‘एन’च वापरला. एक, दोन, तीन करत बारापर्यंत. बारा संपल्यावर पुढे मोजायचं आहे का हे तपासताना ‘एन’ तेरावर जाऊन थांबतो. आता पहिला प्रोग्रॅम परत कामाला लागला. त्याला वाटतं ‘एन’ म्हणजे पाच, पण तिथे तेरा आहेत. व्याज यायला हवं ४००० रुपये, येतं १०,४००.

गंमत पाहा, दोन्ही प्रोग्रॅम वेगवेगळे चालवले तर दोघंही बरोबर. एकत्र आले की भांडण. आणि मशीन ‘चूक झाली’ असा इशाराही देत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं काहीच चुकलेलं नाही. आलेख काढला तरी ‘एक्स’ आणि ‘वाय’मधले आकडे बदलतात. सांख्यिकीच्या गृहपाठासाठी यादीत भरून ठेवलेले आकडे एखाद्या खेळाच्या प्रोग्रॅमनं पुसून टाकावेत, असंही होऊ शकतं.

यावर उपाय काय, तर तीन. पहिला, प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच आपल्या कोठीत आपला आकडा नव्यानं भरायचा, आधीचं काही राहिलं असेल याचा भरवसा ठेवायचा नाही. दुसरा, कोणतं अक्षर कशासाठी वापरलं हे कागदावर लिहून ठेवायचं. तिसरा, प्रत्येकाला स्वतःची जागा द्यायची. हा तिसरा उपाय मशीनमध्येच करून दिला गेला. १९९८ मध्ये आलेल्या ‘टीआय-८९’मध्ये ‘लोकल’ नावाची आज्ञा आहे. ती वापरली की त्या प्रोग्रॅमचा ‘एन’ त्याच्यापुरताच राहतो, काम संपलं की नाहीसा होतो, दुसऱ्याच्या ‘एन’ला धक्का लागत नाही. आपल्या शाळांतल्या संगणकांवर ‘स्क्रॅच’ शिकवणाऱ्यांना हे माहीत असेल. नवीन चल तयार करताना तिथे विचारतात की हा सगळ्या पात्रांसाठी हवा की फक्त या एकासाठी. पोरं न वाचता पुढे जातात. माझी विनंती आहे की त्या प्रश्नापाशी जरा थांबा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात उच्च प्राथमिक स्तरापासून कोडिंग आहे, म्हणजे आज ना उद्या हे आपल्यालाच शिकवायचं आहे.

आता आपल्या वर्गात या

तुम्ही म्हणाल, मॅडम, आम्हाला चौथीला गुणाकार शिकवायचा आहे, हे अमेरिकेचं कॅल्क्युलेटर कशाला? सांगते.

शाळा सुरू झाल्यावर मी चौथीच्या वर्गाला ४७ गुणिले ३६ दिलं. एका मुलीचं उत्तर आलं १८९२. ही मुलगी पाढे धडाधड म्हणते. मी सवयीनं फुली मारली आणि शेरा लिहिला. तुम्हाला माहीतच आहे कोणता. तिनं वही घेतली, जागेवर गेली आणि पुन्हा माझ्याजवळ आली. बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, हा वरचा चार कोनाचा व्हय? पह्यल्या ओळीचा का दुसऱ्या?”

मी वहीकडे पाहतच राहिले.

४७ ला आधी ६ नं गुणायचं. सहा साती बेचाळीस, २ लिहिले, हातचे ४. ते तिनं वर, दशकस्थानाच्या डोक्यावर लिहिले, जसं मीच शिकवलं होतं. सहा चोक चोवीस आणि ४ अठ्ठावीस. पहिली ओळ २८२, बरोबर. मग ३ नं गुणायचं. तीन साती एकवीस, १ लिहिला, हातचे २. हे दोन तिनं मनात ठेवले, कारण वर जागाच नव्हती. तीन चोक बारा. आता मिळवायचे किती? वर ४ दिसतायत. बारा आणि चार सोळा. दुसरी ओळ १६१०. बेरीज १८९२.

खरं उत्तर १६९२. पण सांगा, या पोरीला काय येत नाही? पाढे येतात, हातचा कळतो, एककाचं शून्य ठेवायचं कळतं, बेरीज येते. तिच्याकडे हातचा ठेवायला एकच जागा होती आणि तिथे मागच्या गिऱ्हाइकाचे साडेआठशे पडून होते. मग शेरा कोणावर लिहायचा? हातचा वर लिहायला मी शिकवलं. काम झालं की तो खोडायचा, हे मी शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी मी सगळ्या वह्या परत मागवल्या आणि चुकलेली उत्तरं वेगळी काढली. तुम्हीही हे करून पाहा. ४७ गुणिले ३६ ची चुकीची उत्तरं साधारण अशी येतात.

१८९२ आलं, तर दुसऱ्या ओळीत पहिल्या ओळीचा जुना हातचा मिळवला गेला.

२०९२ आलं, तर जुने ४ आणि नवे २ असे दोन्ही मिळवले गेले.

१४९२ आलं, तर दुसऱ्या ओळीचा हातचा विसरला गेला.

४२३ आलं, तर दुसऱ्या ओळीत शून्य ठेवलं नाही, म्हणजे स्थानिक किमतीची अडचण आहे.

चार पोरांची चार दुखणी आणि आपलं औषध एकच, ‘निष्काळजीपणा’. दवाखान्यात डॉक्टरनं असं केलं तर आपण त्याच्या पायरीला तरी पाय लावू का?

मोठ्यांचंही असंच असतं

कोणी म्हणेल, पोरगं हुशार असेल तर असं चुकणारच नाही. त्यांना अपोलोची गोष्ट सांगते. चंद्रावर जाणाऱ्या यानातल्या संगणकात, ज्यात आकडे बदलता येतात अशी मेमरी फक्त २०४८ शब्दांची होती. बाकी सगळं पक्कं विणलेलं. त्याचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गटाच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन कधी कधी आपल्या लहान मुलीला कामावर घेऊन जात. एकदा ती पोरगी सरावाच्या यंत्राशी खेळत होती. यान प्रवासात आहे असा सराव चालू असताना तिनं उड्डाणाआधीचा ‘पी झिरो वन’ हा प्रोग्रॅम सुरू केला आणि सगळं कोलमडलं. हॅमिल्टनबाईंचं म्हणणं पडलं की यासाठी काहीतरी अडसर घालू या. त्यांना उत्तर मिळालं की अंतराळवीर प्रशिक्षित असतात, ते असली चूक करणार नाहीत.

डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राला फेऱ्या मारून परत येत होतं. जिम लॉव्हेल यांना तारा क्रमांक ०१ निवडायचा होता, त्यांच्याकडून प्रोग्रॅम ०१ निवडला गेला. संगणकाला वाटलं आपण जमिनीवरच आहोत. यान कोणत्या दिशेला तोंड करून आहे ही मेमरीतली माहिती गेली. लॉव्हेल यांनी तारे पाहून ती पुन्हा बसवली आणि तिघंही सुखरूप परतले.

जी चूक एका लहान पोरीनं केली तीच पुढे अनुभवी अंतराळवीराकडून झाली. लॉव्हेल यांना कोणी धांदरट म्हटलं नाही. मग आमच्या चौथीतल्या पोरीलाच का?

माझं म्हणणं

१९५६ मध्ये जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं मांडलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी, दोन इकडे दोन तिकडे, डोक्यात धरू शकतो. लहान पोरांची धारणा त्याहून कमी. ४७ गुणिले ३६ करताना पाढा, हातचा, स्थान आणि ओळ असं सगळं एकदम सांभाळायचं असतं. म्हणून तर कागद असतो. कागद ही पोराची मेमरी आहे.

आणि इथेच आपण चुकतो. ‘वही स्वच्छ पाहिजे’ हा आपला हट्ट. खाडाखोड नको, कच्चं काम नको, हातचे बारीक लिहा, नाहीतर लिहूच नका. मग पोरं हातचा तळहातावर लिहितात, बाकावर लिहितात, नाहीतर मनात ठेवतात आणि हरवतात. तपासणीला आलेल्या साहेबांना सुंदर वही दिसावी म्हणून आपण पोराची कोठीच काढून घेतो.

काही जुने शिक्षक म्हणतील की आमच्या वेळी पोरं पावकी-निमकी तोंडपाठ करायची, हातचा लिहायची गरजच नव्हती. मान्य आहे. माझ्या बाबांनीच मशीनची चूक पकडली आणि तीही पाढ्यांच्या जोरावर. पाठांतर हवंच. पण बाबा साडेतेराशे चोक म्हणाले तेव्हा त्यांनी आधी तो आकडा पूर्ण केला, चोपन्नशे बाजूला ठेवले आणि मग युरियाकडे वळले. एका वेळी एकच हिशोब. तोंडी गणितातही शिस्त जागेचीच आहे.

तर मी माझ्या वर्गात सध्या हे करते.

१. गुणाकाराच्या वर दोन बारीक आडव्या ओळी मोकळ्या सोडायच्या. खालची एककाच्या हातच्यासाठी, वरची दशकाच्या हातच्यासाठी. प्रत्येकाला स्वतःची कोठी.

२. हातचा वापरला की त्यावर लगेच तिरपी रेघ. खोडरबर नाही, रेघच. म्हणजे काय होतं तेही दिसतं आणि काम झालं हेही दिसतं.

३. दुसरी ओळ सुरू करण्याआधी पोरानं स्वतःशीच विचारायचं, ‘वर काही उघडं राहिलं का?’ कॅल्क्युलेटरच्या कोपऱ्यातला ‘एम’ बघतात तसं.

४. कच्च्या कामासाठी पानाच्या उजवीकडे समास. त्यातल्या खाडाखोडीला मी कधीच काही म्हणत नाही.

५. दुकानात असतो तसला एक कॅल्क्युलेटर वर्गात आणते. मेमरीत मुद्दाम ८५० ठेवून देते आणि खताचं बिल करायला सांगते. आधी तोंडी अंदाज, मग मशीन. पोरांना चोर पकडल्याचा आनंद होतो. बाजारात आपल्या आईबापांसोबत उभी राहतील तेव्हा कामाला येईल.

याला खर्च किती? पानावरच्या दोन ओळी.

यानं सगळ्या चुका गेल्या असं मी म्हणणार नाही. ४२३ वाली पोरं अजून आहेत, त्यांना काड्यांचे गठ्ठे घेऊन दशक पुन्हा समजावते आहे. पण १८९२ आणि २०९२ कमी झाले. आणि माझ्यापुरता मोठा फरक म्हणजे आता मी फुली मारण्याआधी उत्तर वाचते. चुकीच्या उत्तरातही पोरानं केलेलं काम दिसतं.

त्या मुलीच्या वहीतला माझा शेरा मी खोडला. तिरपी रेघ मारून, कारण नियम सगळ्यांना सारखा. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, तुमचा बी हातचा राह्यला होता का?”

राहिला होता बाई. बरीच वर्षं राहिला होता.

उद्या वर्गात ४७ गुणिले ३६ द्या. लाल पेन जरा बाजूला ठेवा आणि उत्तरांचे चार गठ्ठे करा. मग ठरवा, ‘निष्काळजीपणा’ कोणाच्या वहीवर लिहायचा ते.